एक युनिट वीज, वाडीच्या मालकीची

विजेच्या बिलावर ज्याला आपण एक युनिट म्हणतो, तेवढी वीज आता हातात उचलून नेता येते. बारा-चौदा किलोची पेटी, वर धरायला कडी, पुढे तीन पिनचे सॉकेट, शेजारी यूएसबीची तोंडं आणि किती टक्के शिल्लक आहे ते दाखवणारा छोटा पडदा. बाजारात तिला पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात. जाहिरातीत ती हटकून तंबूच्या शेजारी ठेवलेली असते, बाजूला गाडी उभी असते आणि कुणीतरी कॉफी करत असतं. मी दापोली तालुक्यात परवानाधारक वायरमन आहे. हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातल्या घरांची, होमस्टेची, शाळांची वायरिंग करण्यात माझी हयात गेली. या पेटीची खरी जागा कोकणातली वाडी आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ती घेण्याचा भार एकेकट्या घरावर न टाकता वाडीने आणि ग्रामपंचायतीने मिळून उचलला पाहिजे.

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत पोफळी आणि नारळ आडवे झाले, पत्रे उडाले, कौलांचा चुरा झाला, विजेचे खांब ओळीने झोपले. कितीतरी गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. टाळेबंदीचे दिवस, त्यात चाकरमानी गावी आलेले, घरं माणसांनी भरलेली. टॉवर बंद पडल्यामुळे मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना इथली ख्यालीखुशाली कळेना. ज्याच्याकडे जनरेटर होता त्याच्याकडे पेट्रोल नव्हतं, कारण रस्ते झाडांनी अडवले होते. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. दोन वर्षांत तीन फटके बसल्यावर ‘असं क्वचितच होतं’ हे म्हणायची सोय आता उरलेली नाही.

त्या दिवसांत मी एक गोष्ट जवळून पाहिली. अंधारात माणसाला फार वीज लागत नाही. चार दिवे, एखादा पंखा, फोनमध्ये जीव आणि घरात दम्याचं माणूस असेल तर वाफेचं मशीन (नेब्युलायझर), एवढ्यावर रात्र निभते. या गरजा एका युनिटात बसतात. हिशोब करून पाहा. हजार वॉट-अवरची पेटी म्हणजे एक युनिट. आतल्या इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, तेव्हा हाती साडेआठशे वॉट-अवर धरू. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे सहा तास लावले तर २१६. बीएलडीसी मोटरचा तीस वॉटचा पंखा पाच तास, १५०. पंधरा मोबाइल रिकाम्याचे पूर्ण भरायला प्रत्येकी पंचवीस धरले तर ३७५. वाफेचं मशीन दहा-दहा मिनिटं चार वेळा, ८०. बेरीज होते ८२१. शाळेच्या खोलीत आसऱ्याला आलेल्या पाच-सात कुटुंबांची एक रात्र त्यात निघते. दुसऱ्या दिवशी पेटी भरायची सोय झाली की पुढची रात्रही निघेल.

गेल्या काही वर्षांतल्या एका पावसाळी रात्रीची गोष्ट सांगतो. ११ केव्हीच्या लाइनवर आंब्याची मोठी फांदी पडली होती आणि सकाळपर्यंत काही होणार नव्हतं. शेजारच्या होमस्टेवर पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं, त्यांच्या गाडीत अशी पेटी होती. वाडीतली एक काकी नातवाला कडेवर घेऊन आली. पोराची छाती भात्यासारखी चालली होती. “दादा, याच्यावर वाफेचं मशीन चालेल काय हो?” तिने मला विचारलं. मी मशीन उलटं करून मागची पट्टी टॉर्चच्या उजेडात वाचली. २३० व्होल्ट, दीडशेच्या आत वॉट. पेटीला ते जडच नव्हतं. बटण दाबलं, मशीन घरघरलं, नळीतून पांढरी वाफ आली. दहा मिनिटांनी पडद्यावरचा आकडा ७४ वरून ७२ झाला होता. पोराचा श्वास बसल्यावर आजीने डोळे पुसले. पुण्याच्या ताईंनी पेटी रात्रभर काकीच्या पडवीत ठेवली. ती माणुसकी मी विसरणार नाही. पण वाडीतल्या लेकराचा श्वास कुणा पाहुण्याच्या गाडीवर अवलंबून असावा, हे मला पटत नाही.

म्हणूनच या पेटीविषयी नीट बोललं पाहिजे. विक्रेते तिच्यावर ‘२००० वॉट’ असं मोठ्या अक्षरात लिहितात. तो आकडा सांगतो की एका वेळी किती मोठं उपकरण ओढेल. किती वेळ ओढेल ते वॉट-अवरचा आकडा सांगतो आणि तो खोक्यावर शोधावा लागतो. घेणाऱ्याने आधी तोच विचारावा. दोन हजार वॉटचा गीझर एका युनिटाची पेटी अर्ध्या तासाच्या आत रिकामी करतो, इंडक्शनची शेगडीही तसंच. एक एचपीचा पंप चालू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, त्या झटक्याला लहान पेटी तिथेच बंद होते. विहिरीचं पाणी काढायला ही पेटी घेऊ नका. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तीनशे-साडेतीनशे वॉट सतत खातो, तो तिच्यावर अडीच तास जेमतेम चालेल. तेवढ्यात रुग्णाला तालुक्याला हलवता येतं, रात्र काढता येत नाही. हा फरक ज्या घरात मशीन आहे त्या घराला आधीच ठाऊक असला पाहिजे.

मग इन्व्हर्टर काय वाईट, असं मला विचारतात. काही वाईट नाही. रोज तास-दोन तास वीज जाणाऱ्या घराला मी आजही १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीचा इन्व्हर्टरच सुचवतो, कारण तो स्वस्त पडतो. पण ती बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते, आत आम्ल असतं, ती एका कोपऱ्यात बसलेली असते. घराचं छप्पर गेलं किंवा अंगणात पाणी चढलं की ती घेऊन कुणी पळत नाही. जनरेटरला पेट्रोल लागतं, आणि बंद खोलीत किंवा पडवीत लावला तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतल्या माणसांचा जीव घेतो. पेटीला धूर नाही, आवाज नाही, आणि एक माणूस ती माळ्यावर चढवू शकतो. घेताना लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यावी. ही बॅटरी तापून पेटण्याचा धोका इतर लिथियम प्रकारांपेक्षा कमी असतो आणि ती हजारो वेळा भरता येते.

सूर्यावर फार भिस्त ठेवू नये, हेही स्पष्ट सांगायला हवं. पेटीबरोबर घडीचं सोलर पॅनल विकतात. ऑक्टोबर ते मे, डोंगरावरच्या धनगरवाड्यावर किंवा काजूच्या बागेतल्या खोपीत, जिथे लाइन पोचलेली नाही किंवा नुसती नावाला आहे, तिथे दोनशे वॉटचं पॅनल उत्तम काम देतं. दिवसा भरायचं, रात्री वापरायचं. पण आषाढातल्या काळ्या ढगाखाली त्याच पॅनलमधून वीस-चाळीस वॉट आले तरी खूप. कोकणाला पेटीची गरज नेमकी सूर्य नसतो तेव्हा लागते. म्हणून ती आधी भरून ठेवायची. चक्रीवादळाचा इशारा हवामान खाते काही दिवस आधी देतं. तो आला की पेटी शंभर टक्के करायची. एरवी अर्ध्याच्या थोडी वर ठेवायची, दोन-तीन महिन्यांनी तपासायची. नंतर लाइन आली नाही तर चारचाकीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरून ती भरते. शंभर वॉटने भरायला दहा तास लागतील, पण भरते. आमच्या खाऱ्या हवेत सॉकेटच्या पितळेवर हिरवी पुटं चढतात, तेव्हा पेटी झाकून, कोरड्या जागी, पत्र्याच्या उन्हापासून लांब ठेवावी. पुराच्या पाण्यात बुडालेली पेटी पुन्हा कधीही चालू करू नये. आणखी एक साधी गोष्ट: फोन भरायचा तर यूएसबीच्या तोंडालाच लावा आणि एसीचं बटण बंद करा. ते नुसतं चालू राहिलं तरी दहा-वीस वॉट खातं, रात्रभरात पेटीचा दहावा हिस्सा काहीही न करता संपतो.

एक इशारा मी हात जोडून देतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून पेटीची किंवा जनरेटरची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरात सोडायचे उद्योग मी पाहिले आहेत. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी लाइनवर जाते. बाहेर खांबावर, लाइन मेलेली आहे असं समजून, महावितरणचा जनमित्र, म्हणजे लाइनमन, चढलेला असतो. ‘निसर्ग’नंतर भर पावसात खांब उभे करणारी ती माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या जिवाशी खेळायचा हक्क कुणालाच नाही. पेटीला उपकरण थेट जोडा, घराच्या वायरिंगला नको. घराला जोडायचीच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवायला जाणकार वायरमनला बोलवा.

पर्यटकांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. गाडीने येताना पेटी जरूर आणा, जनरेटरच्या खडखडाटापेक्षा ती शतपट बरी. विमानाने येत असाल तर तिचा विचार सोडा, कारण १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही. आणि किनाऱ्यावर रात्री दिव्यांच्या माळा लावू नका. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्राकडे जायचं ते पिल्लू तुमच्या तंबूकडे येईल आणि वाटेत मरेल. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं चालवलेलं कासव राखायचं काम एका रात्रीच्या रोषणाईसाठी मोडू नका.

आता पैशाचं. चांगली पेटी दुचाकीच्या किमतीच्या आसपास जाते. शेतमजुराच्या किंवा खलाशाच्या घराने ती घ्यावी, असं मी म्हणणार नाही. पण कोकणातल्या वाडीला सामाईक वस्तू सांभाळणं नवं नाही. मंडळाची मोठी पातेली, सतरंज्या, मंडपाचे खांब लग्नाकार्याला वहीत नोंद करून नेतात, घासूनपुसून परत आणतात. पेटीचंही तसंच करता येईल. ‘सार्वजनिक वस्तूची वाट लागते’ असं म्हणणाऱ्यांनी त्या वह्या उघडून पाहाव्यात, पिढ्यान्‌पिढ्या एक झाकण हरवलेलं नसतं. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा अबंधित निधी येतो, तो गावाने ठरवलेल्या गरजेवर खर्च करता येतो. आणि मुंबईकर मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही देवळाचं शिखर बांधून दिलंत, सभामंडपाला फरशी दिलीत. वादळात तुमचे आईवडील ज्या गावात अडकतात, त्या गावाला एक पेटी द्या. टॉवर सुरू झाला की तुमचा फोन लागेल, पलीकडून आईचा आवाज येईल.

सरकारने वीजच जाऊ देऊ नये, ही मागणी रास्त आहे आणि ती सोडायचं कारण नाही. अलिबागमध्ये वाहिन्या जमिनीखाली नेल्या, तसं काम किनाऱ्यावरच्या लहान गावांपर्यंत यायला हवं. पण डोंगरातून, झाडीतून, मैल-मैल जाणारी लाइन जमिनीखाली जायला वर्षं लागतील. पावसाळा मात्र दर जूनला येतो. मधल्या वर्षांत अंधारात बसणारी माणसं आपलीच आहेत.

१ मे ला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा असते, पाऊस तेव्हा महिन्यावर आलेला असतो. तिथे एक ठराव घ्या. जिथे बॅकअप नाही अशा आरोग्य उपकेंद्राला एक पेटी, आसऱ्याच्या शाळेला एक पेटी. ती कुणाच्या ताब्यात राहील त्याचं नाव, दर तीन महिन्यांनी कोण तपासेल त्याचं नाव. वाडीत वाफेचं मशीन, कॉन्सन्ट्रेटर कुणाकडे आहे याची यादी आशाताईंच्या मदतीने करा, ती पेटीवर चिकटवा म्हणजे पहिला हक्क कुणाचा यावर वाद होणार नाही. पोलीस पाटलांना आणि दहावी-बारावीच्या दोन मुलामुलींना ती चालवायला शिकवा. शिकवायला वायरमन लागेल तर आमच्या तालुक्यात मी येईन, पैसे घेणार नाही. दुसऱ्या तालुक्यातले माझे धंद्याचे भाऊही नाही म्हणणार नाहीत.