वळूला मिळणारा न्याय

जयपूरच्या पूर्वेस, आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या बस्सी येथे राजस्थान पशुधन विकास मंडळाचे गोठीत रेत केंद्र आहे. तेथे पैदाशीसाठी निवडलेले वळू सांभाळले जातात, त्यांचे रेत बारीक कांड्यांत भरून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात साठवले जाते आणि त्या कांड्या कृत्रिम रेतनासाठी गावोगावच्या पशुपालकांपर्यंत पोहोचतात. देशातील अशा केंद्रांसाठी केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने किमान मानके ठरवून दिलेली आहेत, आणि वळूंच्या ज्या रोगांची तपासणी त्या मानकांत सांगितली आहे त्यांत एक रोग हर्पिसच्या कुळातला आहे. त्या रोगाच्या रक्तचाचणीकडे कसे पाहावे याची एक विचारपूर्वक रीत या मानकांनी घालून दिली आहे. माणसाच्या हर्पिसच्या अहवालाला मात्र ती रीत क्वचितच लावली जाते. वळूला जो न्याय मिळतो तो माणसालाही मिळाला पाहिजे, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे. परंतु त्याच्या आड येणारे समज इतके रुळलेले आहेत, की आधी त्यांचे खंडन करणे भाग आहे.

गुराढोरांतील या रोगाला पशुवैद्यक 'आयबीआर' म्हणतात. तो गोवर्गीय हर्पिस विषाणू-१ मुळे होतो. त्याने जनावराला नाका-घशाचा दाह होतो, गाय गाभडू शकते, आणि वळूच्या व गाईच्या जननेंद्रियांवर पुटकुळ्या उठतात. माणसाचा हर्पिस सिम्प्लेक्स हा निराळा विषाणू असून त्याचे दोन प्रकार आहेत: पहिला प्रामुख्याने ओठांवरच्या फोडांना कारण होतो, दुसरा प्रामुख्याने जननेंद्रियांवरच्या. मराठीत ज्याला 'नागीण' म्हणतात तो विकार कांजिण्यांच्या विषाणूचा असून तोही याच कुळातला आहे, पण त्याचा या चाचण्यांशी संबंध नाही. या सर्व विषाणूंचा एक समान धर्म असा, की पहिल्या लागणीनंतर ते शरीर सोडत नाहीत. मज्जातंतूंच्या गाठींत ते सुप्तावस्थेत पडून राहतात आणि शरीरावर ताण आला किंवा प्रतिकारशक्ती दबली, की पुन्हा जागे होऊ शकतात.

सुप्त विषाणू रक्तात सापडत नाही, म्हणून रक्तचाचणी विषाणूचा शोध घेतच नाही. विषाणूला तोंड देण्यासाठी शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे विशिष्ट प्रथिनांचा, ती शोध घेते. एलायझा या प्रचलित पद्धतीत प्रतिपिंडांमुळे रंग उमटतो, त्या रंगाची तीव्रता यंत्र मोजते आणि ठरावीक नमुन्याशी तुलना करून एक निर्देशांक देते. माणसाच्या हर्पिसच्या एका बहुवापरातील चाचणीत हा निर्देशांक ०.९ पेक्षा कमी असेल तर अहवाल निगेटिव्ह, १.१ पेक्षा अधिक असेल तर पॉझिटिव्ह आणि या दोहोंच्या मध्ये असेल तर संदिग्ध मानला जातो. रंगाची तीव्रता ही चढत जाणारी गोष्ट आहे, आणि तिच्यावर या रेषा माणसाने सोयीसाठी आखल्या आहेत, ही साधी बाब अहवालावरच्या ठळक अक्षरांमागे दडून जाते.

पहिला पूर्वपक्ष असा, की अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे रोग सिद्ध झाला. गोठ्याच्या भाषेत याचा अर्थ, पॉझिटिव्ह वळू काढून टाकावा. या मताला बळ देणारे उदाहरणही आहे: स्वित्झर्लंड, डेन्मार्क, ऑस्ट्रिया या देशांनी प्रतिपिंडे आढळलेली जनावरे कळपातून काढूनच आयबीआरचे उच्चाटन केले. परंतु ते देशव्यापी उच्चाटनाचे धोरण होते. एकेका जनावराविषयीचे वैद्यकीय निदान करणे हा त्याचा हेतू नव्हता. भारतात या विषाणूची लागण गुरांत दूरवर पसरलेली असल्यामुळे तेच धोरण येथे लावले, तर पारखून निवडलेले, उत्तम वंशाचे कित्येक वळू केवळ रक्तातील एका खुणेपायी गमवावे लागतील. म्हणून भारतीय मानकांनी रोगारोगांत भेद केला आहे. ब्रुसेलोसिसचा वळू पैदाशीतून बाद होतो. आयबीआरची प्रतिपिंडे असलेल्या वळूच्या बाबतीत मात्र पुढचा प्रश्न विचारला जातो, की या रेतात विषाणू आहे काय. त्यासाठी रेताच्या प्रत्येक खेपेची पीसीआर चाचणी, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा थेट शोध, करायची असते. ज्या खेपेत विषाणू सापडेल ती नष्ट करायची आणि ज्या खेपेत सापडणार नाही ती वापरायची. रक्ताने शंका उपस्थित केली आणि तिचे निरसन प्रत्यक्ष रेताने केले, असा हा क्रम आहे.

पॉझिटिव्ह अहवालाची आणखीही कारणे असू शकतात. वासराला गर्भात असताना आईची प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि काही महिने त्याच्या रक्तात टिकतात. अशा वासराला कधीही लागण झालेली नसताना त्याचे रक्त पॉझिटिव्ह येते. लस टोचलेल्या जनावराचेही तसेच. म्हणून युरोपात ग्लायकोप्रोटीन-ई हे प्रथिन वगळून केलेली लस वापरतात, म्हणजे त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे फक्त खऱ्या लागणीनंतरच सापडतात आणि लस व लागण यांतला भेद करता येतो. माणसाच्या बाबतीत असेच काम ग्लायकोप्रोटीन-जी करते. हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन्ही प्रकार एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत, की एकाविरुद्धची बहुतेक प्रतिपिंडे दुसऱ्यालाही ओळखतात. हे एकच प्रथिन दोघांत पुरेसे वेगळे आहे. ज्या चाचण्या त्याच्यावर आधारलेल्या नाहीत त्या 'हर्पिस १ व २' असे एकत्र उत्तर देतात, आणि बालपणी घरातल्याच कोणाच्या सहवासातून आलेला ओठांचा हर्पिस त्या अहवालात लैंगिक आजाराचे रूप घेऊन उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालासाठीच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील सुमारे ३.७ अब्ज माणसांना पहिल्या प्रकाराची लागण झालेली होती. जी खूण इतक्यांच्या रक्तात सापडते, तिच्यावरून कोणाच्या चारित्र्याचा अंदाज बांधणे हा अज्ञानाइतकाच अन्यायाचाही प्रकार आहे.

भेद करणारी चाचणी वापरली तरी कमी निर्देशांकाचा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ सालच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की दुसऱ्या प्रकारासाठीच्या एलायझात ३.० पेक्षा कमी असलेला पॉझिटिव्ह निर्देशांक वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या चाचणीने पडताळून पाहावा. यामागचा हिशेब उदाहरणाने पाहता येतो. समजा, १,००० लोकांपैकी ४० जणांना लागण आहे, आणि चाचणी लागण झालेल्यांतील ९५ टक्क्यांना व लागण नसलेल्यांतील ९५ टक्क्यांना अचूक ओळखते. मग ४० पैकी ३८ जण पॉझिटिव्ह येतील, पण उरलेल्या ९६० जणांतील ४८ जणही पॉझिटिव्ह येतील; म्हणजे एकूण ८६ पॉझिटिव्ह अहवालांपैकी निम्म्याहून अधिक खोटे असतील. तीच चाचणी ज्या समूहात ४०० जणांना लागण आहे तिथे केली, तर ४१० पॉझिटिव्ह अहवालांपैकी ३८० खरे निघतील. चाचणी बदलली नाही, यंत्र बदलले नाही, तरी अहवालाचा अर्थ बदलला. कारण चाचणीपूर्वी लागणीची शक्यता किती होती यावर तो अवलंबून असतो. थॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या विचाराचे मूळ आहे. भारतीय न्यायशास्त्र याच दोषाला 'सव्यभिचार' हेत्वाभास म्हणते: जो हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो, त्याच्यावरून साध्य सिद्ध होत नाही. लक्षणे नसलेल्या माणसांची सरसकट हर्पिस रक्तचाचणी करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाने २०१६ मध्ये केली आणि २०२३ मध्ये ती कायम ठेवली, तिला आधार आहे तो याच हिशेबाचा.

दुसरा पूर्वपक्ष पहिल्याची उलट बाजू आहे: अहवाल निगेटिव्ह आला म्हणजे निर्धास्त व्हावे. तोही टिकत नाही. लागण झाल्यावर मोजता येतील एवढी प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. माणसात हा काळ कित्येकदा १२ आठवड्यांपर्यंत जातो, म्हणून अलीकडच्या संबंधातून लागण झाल्याची शंका असेल तर त्या मुदतीनंतर चाचणी पुन्हा करावी लागते. गुरांत याहून अवघड परिस्थिती संभवते. चिकातल्या प्रतिपिंडांचे कवच असताना वासराला लागण झाली, तर विषाणू मज्जातंतूंत दडतो, पण वासराचे शरीर स्वतःची पुरेशी प्रतिपिंडे तयार करत नाही. पुढे आईची प्रतिपिंडे ओसरली, की रक्त निगेटिव्ह आणि शरीरात विषाणू, असे जनावर तयार होते. एका वळूपासून हजारो कांड्या भरल्या जातात आणि अतिशीत नत्रात रेताबरोबर विषाणूही टिकून राहतो, हे लक्षात घेतले तर एका रक्तचाचणीवर विसंबणे किती महाग पडू शकते ते कळते. विलगीकरण, ठरावीक मुदतीने फेरतपासणी आणि लक्षणांवर नजर यांचा आग्रह धरला जातो तो यासाठीच.

तिसरा पूर्वपक्ष आपल्याकडे सर्वांत घातक ठरला आहे. तो असा, की जितक्या अधिक चाचण्या तितके ज्ञान अधिक. गर्भपात झालेल्या स्त्रीला सांगितली जाणारी 'टॉर्च' तपासणी हे त्याचे ठळक उदाहरण. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिस आणि इतर काही संसर्ग यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव १९७०च्या दशकात आंद्रे नाहमियास यांनी रूढ केले; नवजात बालकाला गर्भातून मिळणाऱ्या संसर्गांचा एकत्र विचार व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. त्या नावाची पुढे चाचण्यांची जुडी झाली, आणि वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण तिच्यात शोधले जाऊ लागले. त्या अहवालात हर्पिसच्या आयजीएम या प्रतिपिंडापुढे पॉझिटिव्ह लिहिलेले दिसले, की दोष स्त्रीच्या रक्तात सापडल्याचे मानले जाते. वस्तुतः आयजीएम हे नव्या लागणीचे खात्रीचे चिन्ह नाही: जुनी लागण पुन्हा जागी झाली तरी ते उमटू शकते, आणि ते विषाणूचा प्रकारही सांगत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हर्पिससाठी आयजीएम चाचणी वापरू नये असे म्हटले आहे, आणि ब्रिटनच्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वारंवार गर्भपाताच्या तपासात टॉर्च चाचण्या निरुपयोगी असल्याचे २००३ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की हर्पिस नवजात बालकाच्या जिवावर बेतू शकतो, मग सावधगिरी का नको? आक्षेपातले तथ्य मान्यच केले पाहिजे. परंतु खरा धोका कुठे आहे तेही त्याबरोबर सांगायला हवे. प्रसूतीच्या सुमारास पहिल्यांदाच लागण झालेल्या मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण ३० ते ५० टक्के असते. जुनी लागण असलेल्या मातेकडून ते १ टक्क्याहून कमी असते, कारण तिची प्रतिपिंडे बाळाला आधीच मिळालेली असतात. म्हणजे ज्या खुणेमुळे स्त्री दोषी ठरवली जाते, तीच खूण पुष्कळदा तिच्या बाळाचे कवच असते. सावधगिरी हवी ती शेवटच्या तिमाहीत नवी लागण टाळण्याची आणि प्रसूतीच्या वेळी फोड आहेत का ते डोळ्यांनी पाहण्याची.

इतक्या खंडनानंतर रक्तचाचणी टाकाऊच आहे, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही चुकीचा ठरेल. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला आहे आणि निर्णय नवव्या स्थानी येतो. मधली प्रयोजन, दृष्टांत, सिद्धांत, अवयव आणि तर्क ही पदे ओलांडल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. संदिग्ध अहवालाचे वाचनही याच शिस्तीने झाले पाहिजे. चाचणी कशासाठी केली, हे प्रयोजन आधी पाहावे: लक्षणे होती काय, जोडीदाराला निश्चित लागण होती काय, की केवळ तपासण्यांच्या जुडीत ती आपोआप आली. मग अहवालातला आकडा मागून घ्यावा, कारण १.३ आणि ७ या दोहोंना 'पॉझिटिव्ह' हा एकच शब्द लावला जात असला तरी त्यांचे वजन सारखे नाही. चाचणी ग्लायकोप्रोटीन-जीवर आधारित, आयजीजी या प्रतिपिंडाची होती का, हे विचारावे. निर्देशांक संदिग्ध किंवा कमी असेल तर १२ आठवड्यांची मुदत लक्षात घेऊन फेरतपासणी आणि शक्य तिथे निराळ्या पद्धतीची चाचणी करावी. अंगावर ताजा फोड असेल तर रक्ताकडे वळण्याआधी त्या फोडातील द्रवाची पीसीआर करावी. बस्सीच्या केंद्राला लागू असलेल्या मानकांनी रेताबाबत जे सांगितले आहे, त्याचेच हे माणसातले रूप आहे. आणि इतके करून लागण निश्चित झालीच, तर अनेकांना तिची लक्षणे कधीच जाणवत नाहीत, ज्यांना जाणवतात त्यांच्यासाठी असायक्लोव्हिरसारखी औषधे आहेत, आणि जोडीदाराला होणारी लागण कमी करण्याचे उपायही आहेत, हे रुग्णाला त्याच बैठकीत सांगितले पाहिजे.

उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेच्या केंद्रापासून बस्सीपर्यंत देशभरातील रेत केंद्रांत जी मानके लागू आहेत, ती कोणा एकाच्या सहृदयतेतून आलेली नाहीत. उत्तम वळू विनाकारण गमावणे परवडत नाही, या व्यवहारातून ती आली आहेत. माणसाच्या अहवालामागे कोणी असा हिशेब मांडत नाही, कारण तिथले नुकसान कुठल्याच वहीत नोंदले जात नाही. मोडलेले लग्न, सासरी ऐकावे लागणारे टोमणे, पुढच्या गर्भारपणात नऊ महिने बाळगलेली भीती यांना भाव नसतो. ज्या प्रयोगशाळा असे अहवाल देतात त्यांनी आकड्यासोबत त्याची मर्यादा छापावी, आणि जे वैद्य ते वाचतात त्यांनी ठळक अक्षरांतल्या शब्दाआधी आकडा, मुदत आणि प्रयोजन तपासावे. जनावराच्या बाबतीत ही शिस्त कागदावर उतरून लागूही झाली आहे. समोर खुर्चीत अहवाल हातात घेऊन बसलेल्या स्त्रीसाठी ती लावायला नव्या यंत्राची गरज नाही. तिच्या रक्ताने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच रक्तात लिहिलेले आहे, असे मानणे तेवढे सोडावे लागेल.