पुरावा हेच शस्त्र!

सावनेरच्या बसस्थानकाजवळ सकाळी सात वाजता तर्री-पोह्यांच्या गाडीभोवती जी मंडळी जमतात, त्यांच्यात साऱ्या तालुक्याचे जीवन एकवटलेले असते. रात्रपाळी संपवून परतलेला कोळसा खाणीतील कामगार, निंदणासाठी मजूर शोधणारा कापूस उत्पादक शेतकरी, खापरखेड्याच्या वीज केंद्रावर कंत्राटी माणसे पुरविणारा ठेकेदार, मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान चालविणारा मुसलमान कारागीर आणि सारा गाव ज्यांना ‘गुरुजी’ म्हणतो, ते निवृत्त मुख्याध्यापक. जुलै २०२५ च्या अखेरीस या गाडीभोवती दोन वेळा न्यायालय भरले.

पहिल्या वेळी निमित्त होते २१ जुलैच्या निकालाचे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते आणि १८० हून अधिक प्रवासी ठार झाले होते. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरविले. “इतकी माणसे मेली आणि मारणारा कोणीच नाही? हा कसला न्याय?” ठेकेदाराचा संताप अनावर झाला होता.

दुसऱ्या वेळी निमित्त होते ३१ जुलैच्या निकालाचे. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात झालेल्या स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपींची विशेष न्यायालयाने मुक्तता केली. या वेळी ठेकेदाराने सर्वांच्या चहाचे पैसे दिले. “अखेर सत्याचा विजय झाला!” तेव्हा कारागिराने शांतपणे विचारले, “भाऊ, दहा दिवसांपूर्वी न्यायालय चुकले होते ना? मग आज बरोबर कसे?” ठेकेदारही गप्प बसणारा नव्हता. “आणि भाई, दहा दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणत होता की न्यायालयावर विश्वास ठेवा. आज तो विश्वास कुठे गेला?”

कोणीच हसले नाही. गुरुजी एवढेच म्हणाले, “मुंबईतले १८० आणि मालेगावातले सहा. यांना कोणी मारले, हे तुमच्यापैकी कोणी सांगू शकेल का?”

गुरुजींचा हा प्रश्न केवळ सावनेरच्या टपरीला नव्हे, तर साऱ्या देशाला विचारलेला आहे. दहशतवादावर या देशात चर्चा पुष्कळ होते. वाहिन्यांवर रोज रात्री होते, विधिमंडळात होते, लग्नाच्या पंगतीतही होते. परंतु या चर्चेत दोन्ही बाजूंना आरोपीचे नाव कळले की पुरे होते. नाव ऐकून निकाल ठरतो आणि पुराव्याची आठवण कोणालाच राहत नाही. दहशतवाद्याला याहून सोयीची दुसरी गोष्ट कोणती?

या विकृतीचे मोठे अपश्रेय राजकारणाला जाते, हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांनी पोलीस महासंचालकांच्या परिषदेत ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द उच्चारला. तेव्हा मालेगावचा खटला सिद्ध होणे तर दूरच, त्याची सुनावणीही पुरती उभी राहिलेली नव्हती. देशाच्या सुरक्षेची धुरा ज्याच्या खांद्यावर, त्यानेच निकालाआधी रंग जाहीर करावा? मतपेढी सांभाळण्याच्या मोहात एका संपूर्ण समाजाच्या श्रद्धेच्या रंगाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. पंधरा वर्षांनी न्यायालयाने काय सांगितले? संशय कितीही प्रबळ असला, तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

हे तत्त्व हिंदूला लागू असेल तर ते मुसलमानालाही लागू आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावातच झालेल्या स्फोटांत तीसहून अधिक माणसे मेली. त्या प्रकरणी प्रथम ज्यांना पकडले, त्या मुस्लीम आरोपींना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. तोवर त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे निघून गेली होती. चुकीचा माणूस पकडला जातो, तेव्हा दोन अन्याय एकाच वेळी घडतात. निरपराध माणूस तुरुंगात सडतो आणि खरा मारेकरी मोकाट फिरतो. दुसऱ्या अन्यायाची किंमत पुढच्या स्फोटात तुमच्या-आमच्या घरातील माणूस मोजतो.

पुराव्याचा हा आग्रह म्हणजे मवाळपणा आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी इतिहास तपासावा. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. त्या खटल्यात शंभर आरोपी दोषी ठरले आणि तेवीस सुटले. त्यांपैकी एकाला ३० जुलै २०१५ रोजी सावनेरपासून चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात फाशी झाली. बावीस वर्षे लागली. पण सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्री दरवाजे उघडून अखेरची याचिका ऐकली आणि तरीही शिक्षा टिकली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण मारले गेले. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत कसाबला सोडले नाही, म्हणूनच जिवंत पुरावा हाती लागला आणि पाकिस्तानचा मुखवटा जगासमोर फाटला. ज्या न्यायालयाने कसाबला फाशी सुनावली, त्याच न्यायालयाने पुराव्याअभावी दोन भारतीय सहआरोपींना सोडले. म्हणूनच त्या फाशीवर जगात कोणी बोट ठेवू शकले नाही.

१९९३ च्या खटल्याने आणखी एक कटू सत्य समोर आणले. रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे उतरलेले आरडीएक्स आकाशातून पडलेले नव्हते. सीमाशुल्क विभागातील आणि पोलीस दलातील लाचखोर माणसांनी त्याला वाट दिली. न्यायालयाने अशांनाही दोषी ठरविले. शत्रू सीमेपलीकडे होता. परंतु दाराची कडी आतून काढली गेली होती.

घुसखोरीच्या प्रश्नाचेही मर्म हेच आहे. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांबीची आहे. आसामसाठी १९८३ मध्ये तत्कालीन केंद्र सरकारने असा कायदा केला की, परकीय नागरिक ओळखण्याचे सारे ओझे घुसखोरावर न पडता तक्रारदारावर आणि शासनावर पडले. देशभर परकीय नागरिकांना एक कायदा आणि जेथे घुसखोरी सर्वाधिक, तेथे नेमका सैल कायदा! १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला आणि अनिर्बंध घुसखोरीला बाह्य आक्रमणाची उपमा दिली. तोवर बावीस वर्षे वाया गेली होती. दहशतवादविरोधी ‘पोटा’ कायद्याची कथाही तशीच आहे. २००२ मध्ये आलेला हा कायदा २००४ मध्ये राजकीय कारणांसाठी रद्द झाला आणि मुंबई रक्तबंबाळ झाल्यावर डिसेंबर २००८ मध्ये दुसऱ्या कायद्यात कठोर तरतुदी घालाव्या लागल्या. गैरवापर होत असेल तर तपास सुधारावा. शस्त्रच फेकून देणे हा उपाय नव्हे.

तथापि, आज सरकारकडे बोट दाखवताना समाजाने स्वतःचे घरही तपासावे. सावनेरच्या त्या गप्पांत ठेकेदार घुसखोरांवर तावातावाने बोलू लागला, तेव्हा खाण कामगाराने सहज विचारले, “साहेब, तुमच्याकडे जी दीडशे माणसे आहेत, त्यांच्या ओळखीचे कागद कोणी पडताळले?” ठेकेदाराने पोह्यांची बशी खाली ठेवली. नोंदवहीत नावे होती. अर्धे पत्ते कोरे होते. स्वस्त मजूर हवा, भाड्याच्या खोलीचे आगाऊ पैसे हवेत, आणि सीमेचे रक्षण मात्र सैनिकाने करावे!

येथे विवेकाची मोठी गरज आहे. सावनेर तालुक्यातील खाणी, वीज केंद्र आणि वीटभट्ट्या यांवर छिंदवाड्याचा, बस्तरचा, बिहारचा मजूर राबतो. तो परका नाही. तो भारतमातेचाच पुत्र आहे. गडचिरोली जिल्ह्यात फाळणीच्या वेदना सोसून पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. तेथे बंगाली बोलली जाते. बोली ऐकून राष्ट्रीयत्व ठरविणारे या निर्वासितांनाही घुसखोर ठरवतील! जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडून बांगलादेशच्या सीमेपार ढकललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना भारतीय नागरिक म्हणून परत आणावे लागले. अशा प्रत्येक चुकीने घुसखोरांच्या पाठीराख्यांच्या हाती आयते कोलीत मिळते. खरा घुसखोर बोलीवरून सापडत नाही. तो कागदावरून सापडतो. म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विलंबित जन्मदाखले देण्याचे काम थांबवून मालेगावातील दाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले, ते योग्यच झाले. खोटा दाखला देणारा बाबू हा शेखाडीच्या किनाऱ्यावरील लाचखोराचाच वारस आहे.

कट्टरतेचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण ती सीमा ओलांडून येत नाही. ती घरातल्या भ्रमणध्वनीतून येते. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण तीर्थयात्रेच्या निमित्ताने इराकला गेले आणि ‘इसिस’च्या गोटात सामील झाले. त्यांत अभियांत्रिकी शिकणारेही होते. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ झालेल्या स्फोटाच्या तपासात तर डॉक्टरांचीच नावे पुढे आली. अज्ञान आणि दारिद्र्य यांतूनच दहशतवाद जन्मतो, हा पुरोगामी मंडळींचा लाडका सिद्धांत या पदव्यांपुढे टिकत नाही. विष विचारात आहे आणि त्या विचाराचे नाव घ्यायला कचरणे म्हणजे रोग्यापासून रोग लपविणे होय.

परंतु विचाराशी लढा आणि शेजाऱ्याशी वैर या दोन भिन्न गोष्टी आहेत. कल्याणच्या त्या तरुणांच्या कुटुंबीयांनीच पोलिसांकडे धाव घेतली होती. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये धर्म विचारून गोळ्या घातल्या गेल्या आणि २६ जण ठार झाले. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते. पर्यटकांना वाचविण्यासाठी पुढे सरसावलेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही त्याच गोळ्यांनी मारला गेला. दहशतवाद्याला हवे असते ते हेच की, या घोडेवाल्याला आणि मारेकऱ्याला देशाने एकाच तराजूत तोलावे. ते त्याला मिळू द्यायचे का?

१ जून २००६ ची पहाट विदर्भ विसरलेला नाही. नागपुरात संघ मुख्यालयाच्या दिशेने निघालेल्या गाडीवर लाल दिवा होता, आतील तिघांच्या अंगावर पोलिसांचा गणवेश होता आणि हातात एके-४७ होत्या. वेश बेमालूम होता. तरीही पोलिसांच्या जागरूक नजरेला ती गाडी खटकली आणि तिन्ही हल्लेखोर ठार झाले. त्याच महाल परिसरात १७ मार्च २०२५ रोजी एका अफवेने जमाव रस्त्यावर आला. घरांवर दगड पडले, वाहने जळाली, पोलीस रक्तबंबाळ झाले, एका तरुणाचा जीव गेला आणि शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. पहिल्या वेळी संशय प्रशिक्षित हातांत होता, म्हणून नागपूर वाचले. दुसऱ्या वेळी तो जमावाच्या हातात गेला, म्हणून नागपूर होरपळले. संशय हा तपासाचा आरंभ आहे; तो निकाल नव्हे.

मग सावनेरसारख्या गावाने करायचे काय? भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात द्यायची; तो कोणत्याही धर्माचा असो, अपवाद नको. ठेकेदाराने कोरे पत्ते भरायचे. खोट्या दाखल्याला पैसे मागणाऱ्याची तक्रार करायची. भ्रमणध्वनीवर आलेला भडक संदेश पुढे ढकलण्याआधी त्याची शहानिशा करायची. मुलगा अचानक एकलकोंडा होऊन द्वेषाची भाषा बोलू लागला, तर लाजेपोटी ते लपवायचे नाही. आणि शासनाला ठणकावून विचारायचे की, न्यायवैद्यक प्रयोगशाळांना माणसे आणि साधने कधी मिळणार? साक्षीदारांना संरक्षण कोण देणार? दहशतवादाचे खटले एकोणीस वर्षांनी कोसळतात, तेव्हा तपास अधिकाऱ्यांना जाब कोण विचारणार?

ज्या लाल किल्ल्याच्या स्फोटाने देश हादरला, त्याच्या आधी काश्मीर पोलिसांनी नौगाममधील भिंतींवर लागलेल्या पत्रकांचा माग काढला होता. त्या चिकाटीतून फरिदाबादेत सुमारे २,९०० किलो स्फोटक साहित्य हाती आले. काही पत्रकांवरून हजारो किलो स्फोटके! एवढा साठा फुटला असता तर किती घरे उजाड झाली असती, याची कल्पनाही करवत नाही. घोषणांनी ते साधले नसते.

गुरुजींच्या प्रश्नाला सावनेरकडे उत्तर नव्हते, कारण देशाकडेच ते नाही. मुंबईच्या गाड्यांत मेलेल्यांचे आणि मालेगावच्या चौकात मेलेल्यांचे नातेवाईक आजही एकाच रांगेत उभे आहेत. त्यांना घोषणा नको, मारेकऱ्यांची नावे हवीत. तीही न्यायालयात टिकतील अशा पुराव्यांसह. जे राष्ट्र आपल्या मृतांना एवढे देऊ शकत नाही, त्याला शत्रूने का भ्यावे?