चान्स किती, हे सांगणारा कोण?

नीटचा निकाल लागला की अमरावती-अकोल्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न घरोघर फिरतो. "आमच्या पोरीले सरकारी भेटन काय?" याचं उत्तर आज कोण देतं? क्लासवाला देतो, मोबाईलमधलं प्रेडिक्टर देतं, आणि समुपदेशनाचं पॅकेज विकणारा देतो. क्लासवाला म्हणतो, अजून एक वर्ष रिपीट करा, हमखास लागेल. पुढच्या वर्षाची फी त्यात असते. पॅकेजवाला म्हणतो, सरकारीचा नाद सोडा, दुसरीकडे बघू. त्याचं कमिशन त्यात असतं. आणि या दोन उत्तरांवर विसंबून बाप कर्ज काढतो, नाहीतर पोरगी मिळेल त्या कॉलेजात जाऊन बसते. आमचं म्हणणं सरळ आहे. शक्यता मोजायचं काम चळवळीनं आपल्या हातात घेतलं पाहिजे.

हे काम वाटतं तितकं अवघड नाही, पण त्यात खोटं बोलायला जागा नाही. पहिलं खोटं 'क्वालिफाय' या शब्दात आहे. अनुसूचित जातीसाठी नीटची पात्रता 40 पर्सेंटाईलला धरली जाते. 2024 ला देशभरात 23 लाखांवर मुलं परीक्षेला बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखभरापेक्षा थोड्या जास्त. म्हणजे क्वालिफाय झालेल्या बहुतेकांना जागाच नाही. तरी निकालाच्या संध्याकाळी पेढे वाटले जातात, फ्लेक्स लागतात. पोरीला खरं सांगायची हिंमत कोणी करत नाही. ती हिंमत आपण केली पाहिजे.

दुसरं, गुणांवरून अंदाज बांधू नका, रँक पहा. जून 2024 च्या पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720 होते. पुढच्याच वर्षी पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्याला 686 मिळाले. मागच्या वर्षी अमुक गुणांना अकोल्याचं मेडिकल लागलं होतं, हे वाक्य त्यामुळे निरुपयोगी आहे. शिवाय जागाही बदलतात. 2024 मध्ये राज्यात दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, 900 जागा वाढल्या. त्यातली तीन आपल्या वऱ्हाडातली, अमरावती, वाशिम आणि बुलढाणा. ज्यांच्याकडे जुनी यादी होती, त्यांचा हिशेब त्या वर्षी चुकणारच होता.

आता मुख्य मुद्दा. अमरावतीच्या कॉलेजात 100 जागा धरा. 15 अखिल भारतीय कोट्यात गेल्या, राज्याच्या उरल्या 85. त्यातले 13 टक्के म्हणजे अनुसूचित जातीला साधारण 11. आपली मुलं इथं थांबतात. आपल्याला अकरा, असं मनाशी पक्कं करून एस.सी.चीच यादी उघडतात. खुल्या जागांची यादी कोणी पाहतच नाही! मित्रांनो, 'ओपन' हा सवर्णांचा कोटा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सौरव यादव प्रकरणात हेच सांगितलं, की खुली जागा सगळ्यांना खुली आहे. वैद्यकीय प्रवेशाबाबत तर 1996 च्या रितेश साह निकालापासून स्पष्ट आहे की, गुणवत्तेवर खुल्या यादीत बसणारा मागासवर्गीय विद्यार्थी राखीव जागेत मोजला जाऊ नये. पण चांगलं कॉलेज मिळत असेल तर राखीव जागेतून ते मागण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. शिवाय अखिल भारतीय कोट्यातही अनुसूचित जातीला 15 टक्के आहेतच, फक्त त्याची नोंदणी राज्याच्या नोंदणीहून वेगळी करावी लागते. म्हणजे पोरीची शक्यता एका यादीत नाही, चार याद्यांमध्ये आहे. चारही उघडून मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीची शेवटची रँक लिहून काढली की तासाभरात खरं चित्र समोर येतं. पहिल्या फेरीत न लागलेलं कॉलेज तिसऱ्या फेरीत लागू शकतं, हेही त्यातच दिसतं.

पसंतीक्रम भरताना आपली मुलं आणखी एक गोष्ट करतात. 'आपल्याले कुठं लागते तिथं' म्हणून हक्काचं वाटणारं कॉलेज वर टाकतात आणि नागपूर-मुंबई खाली. वर अवघड कॉलेज टाकल्यानं खालच्याचा हक्क जात नाही. न्यूनगंडाचा हा दंड आपण स्वतःच भरतो.

पण रँक असूनही जागा जाते, ती कागदामुळे. जात पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर दाखल-खारीज कुठून येणार? मग कोतवाल बुकाची नक्कल शोधत तहसिलीच्या चकरा सुरू होतात, त्याही ऐन जुलैत. बौद्ध मुलांचा गोंधळ वेगळा. 1990 च्या दुरुस्तीनं बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. राज्याचा दाखला घेऊन अखिल भारतीय फेरीला गेलेलं पोरगं खिडकीवर अडतं. कोणतंही प्रेडिक्टर हे मोजत नाही.

पैसाही मोजत नाही. जून 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका दलित रोजमजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला जागा लागली होती. 17,500 रुपये संध्याकाळी पाचपर्यंत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. 30 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ती परत मिळवून दिली, पण दिल्लीपर्यंत जाणारे किती? आपल्याकडे शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून येते ती नंतर, आणि कॉलेज मागतं ते आधी.

बाबासाहेबांना मॅट्रिकला 750 पैकी 282 गुण होते. आजच्या प्रेडिक्टरनं त्यांना काय सांगितलं असतं, हे वेगळं सांगायला नको. पण म्हणून गुणांना अर्थ नाही, असा सोयीचा निष्कर्ष काढणारे भाषणबाजही आपल्याकडे आहेत. त्यांनी पुढचं वाचावं. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला, सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा कुठे 1913 ला कोलंबिया घडलं. त्यांची शक्यता कोणीतरी खिसा उघडून वाढवली होती. पंजाबरावांचं श्रद्धानंद छात्रालय अमरावतीत याच कामासाठी उभं राहिलं.

14 एप्रिलला इर्विन चौकात डीजेवर जो खर्च होतो, त्याचा दहावा हिस्सा बाजूला काढला तरी प्रत्येक विहारात पहिल्या हप्त्यासाठी उसनवारीचा निधी उभा राहतो. त्याच विहारात जून ते सप्टेंबर एक टेबल, एक लॅपटॉप आणि याद्या वाचता येणारे दोन जण बसले पाहिजेत. समाजशास्त्र शिकलेला चालेल, इंजिनिअर चालेल, एमपीएससीची तयारी करणारा तर उत्तम. मात्र टेबलाचं काम दोन वर्षं आधी सुरू होतं. यंदा अकरावीत गेलेल्या आपल्या मुलांची वस्तीनिहाय यादी महिनाभरात होऊ शकते, आणि त्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे पहिला रकाना असेल, आजोबांच्या पुराव्याचा अर्ज केला की नाही.