विश्लेषण : अपडेट केला आणि कॅमेरा गोठला... दोष फर्मवेअरचा की आणखी कशाचा?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. कॅमेरा अचानक बंद पडलेल्या नाशिककर छायाचित्रकारासमोरही बहुतेक वेळा हेच दोन रस्ते असतात : बॉडी मुंबईला पाठवायची की पुण्याला? तारीख लग्नाची असेल तर दोन्ही रस्ते लांबचेच. पण आदल्या रात्री फर्मवेअर अपडेट केले आणि सकाळी कॅमेरा गोठला, किंवा हात स्थिर असूनही चित्र थरथरू लागले, तर अनेकदा बॉडी कुठेच पाठवावी लागत नाही. बिघाड नेमका कुठे आहे, हे अर्ध्या तासात घरीच पडताळता येते.

नाशिकमध्ये हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा ठरणार आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, दुसरे ३१ ऑगस्ट आणि तिसरे नाशिकला ११, तर त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर रोजी होईल. रामकुंडावर आखाडे उतरतात तो क्षण परत घेता येत नाही. सप्तपदीचाही नाही.

फर्मवेअर म्हणजे नेमके काय?

मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो. भिंगातून आलेला प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला दिसते तेच छोट्या पडद्यावर दाखवले जाते. म्हणजे कॅमेरा सुरू असेपर्यंत सेन्सर, प्रक्रियक, पडदा आणि फोकसची गणिते अखंड चालू राहतात. हे सारे हाकणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. जुन्या एसएलआरमध्ये आज्ञावली अडखळली तरी आरशातून समोरचे दृश्य दिसत राहायचे. मिररलेस गोठला की व्ह्यूफाइंडरमध्ये एक तर काळोख, नाही तर थिजलेले शेवटचे चित्र.

अपडेटचा मोह होण्याचे कारणही खरे आहे. निकॉनने झेड ९ या कॅमेऱ्याला एप्रिल २०२२ मध्ये केवळ फर्मवेअरच्या जोरावर ८के रॉ चित्रीकरण दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये झेड ८ला पक्षी ओळखून फोकस धरण्याची सोय मिळाली. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर पहाटे जाऊन बसणाऱ्यांसाठी ती जवळपास नव्या कॅमेऱ्याइतकीच मोलाची होती. अपडेट बिघाड दुरुस्तही करते. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या कॅननच्या आर५ मार्क टू या मॉडेलमध्ये विशिष्ट परिस्थितीत बटणे प्रतिसाद देईनाशी होत. कंपनीने ते मान्य केले आणि नंतरच्या फर्मवेअरमध्ये त्यावर उपाय दिला. त्यामुळे ‘अपडेट करायचेच नाही’ हा सल्ला ऐकायला सोपा असला, तरी तो फारसा उपयोगाचा नाही.

चित्र स्थिर कसे राहते?

कॅमेऱ्यातले जायरो सेन्सर हाताची थरथर मोजतात आणि चुंबक व तारेच्या वेटोळ्यांवर अधांतरी तोललेला प्रतिमा-सेन्सर तितकाच उलट दिशेने सरकवला जातो. वर-खाली झुकणे, डावी-उजवीकडे वळणे, गोल फिरणे आणि दोन सरळ दिशांतले सरकणे, अशा पाच हालचाली तो भरून काढतो. कोनिका मिनोल्टाने २००४ मध्ये हे तंत्र डिजिटल एसएलआरच्या बॉडीत आणले, ऑलिम्पसने २०१२ मध्ये पाच अक्षांचे केले, तर सोनीने २०१४ मध्ये फुल-फ्रेम मिररलेसमध्ये बसवले. कॅननने २०२० मध्ये आर५साठी काही भिंगांसह आठ स्टॉपपर्यंतच्या स्थैर्याचा दावा केला. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. आठ स्टॉप म्हणजे कागदावर २५६ पट.

या हिशेबात एक आकडा कळीचा असतो : भिंगाचे केंद्रांतर. हात तेवढाच हलला तरी ३५ मिमी भिंगात चित्र थोडे सरकते आणि ४०० मिमीत कितीतरी जास्त. म्हणून सेन्सरने किती सरकायचे, हे भिंग कोणते आहे ते कळल्याशिवाय ठरत नाही. आधुनिक भिंग ही माहिती विद्युत संपर्कातून आपणहून देते. भिंगात स्वतःचे स्थिरीकरण असेल, तर अर्धे काम भिंगाने आणि अर्धे बॉडीने करायचे, अशी वाटणीही या संवादातच ठरते. अपडेटनंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या संवादात सापडते.

अपडेटनंतर चित्र का हलते?

सर्वात साधे कारण म्हणजे सेटिंग मूळपदावर जाणे. काही मॉडेलमध्ये अपडेटनंतर मेन्यू कारखान्यातून आला तसा होतो, शिवाय अनेक जण सल्ला म्हणून स्वतःच रिसेट करतात. जुने मॅन्युअल भिंग वापरणाऱ्याने ८५ मिमी असा आकडा हाताने भरलेला असतो, तो पुसला जातो. कॅमेरा मग भलत्याच आकड्यावर हिशेब करतो आणि स्थिरीकरण चालू असूनही फोटो अस्पष्ट येतो. बंद ठेवले असते तर बरा आला असता.

दुसरे कारण आवृत्त्यांची फारकत. बॉडी नवी भाषा बोलू लागते, भिंग जुनीच. भिंगालाही स्वतःचे फर्मवेअर असते, हे दहा वर्षे व्यवसाय केलेल्यांच्याही कधी कधी लक्षात येत नाही. बॉडी बनवणाऱ्या कंपनीचे भिंग बहुधा बॉडीतूनच अपडेट होते. टॅमरॉनच्या अनेक नव्या भिंगांना त्यासाठी यूएसबी-सीची खाच असते. अन्य कंपन्यांची भिंगे आणि अ‍ॅडॉप्टर यांच्या बाबतीत बॉडी अपडेट करण्याआधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावरची सूचना वाचावी, कारण कॅमेरा कंपनी आपल्या चाचण्यांत दुसऱ्याच्या भिंगाची हमी घेत नाही.

तिसरे कारण व्हिडीओवाल्यांचे. कॅमेऱ्यात सेन्सर हलवणारे स्थिरीकरण आणि चित्राच्या कडा कापून केलेले डिजिटल स्थिरीकरण, असे दोन प्रकार असतात. रिसेटनंतर डिजिटल प्रकार चालू झाला, तर चौकट अरुंद होते. रुंद कोनाच्या भिंगाने चालत चित्रण केले की कोपरे जेलीसारखे लवतात. हा बिघाड नव्हे. रुंद भिंगाच्या कडेला आणि मध्याला एकाच वेळी स्थिर करणे सेन्सरला जमत नाही, त्याचा तो परिणाम.

आणि ट्रायपॉड. द्वारकाच्या उड्डाणपुलाजवळ रात्री गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा टिपायला ट्रायपॉड लावला, की अवजड वाहनांची धडधड पायांतून थेट कॅमेऱ्यात शिरते. काही मॉडेल ट्रायपॉड ओळखून स्थिरीकरण थांबवतात, काही थांबवत नाहीत. तिथे घेतलेला दहा सेकंदांचा हललेला फोटो दाखवून फर्मवेअरला दोष देणे योग्य नाही. पडताळणी घरातल्या फरशीवर करावी.

कॅमेरा गोठतो कशामुळे?

इथे पहिला संशय कार्डावर घ्यावा. अपडेटनंतर कॅमेरा कार्डावर वेगळ्या लयीत लिहू लागतो आणि काठावर चाललेले किंवा नकली कार्ड तेव्हाच उघडे पडते. छायाचित्रे संगणकावर उतरवून कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट केले, तर पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. दुसरा संशय बॅटरीवर. अन्य कंपनीची स्वस्त बॅटरी नव्या आवृत्तीत ओळखली न जाण्याची किंवा तिची उरलेली क्षमता चुकीची दिसण्याची शक्यता असते. त्यानंतर मोबाइलशी असलेली जोडणी. जुनी ब्लूटूथ-वायफाय नोंद दोन्हीकडून पुसून नव्याने जोडावी. बाहेर एप्रिल-मेचे ऊन असेल आणि कॅमेरा तासभर ४के चित्रीकरण करत असेल, तर अपडेटचा काही संबंध नसतानाही तो तापून बंद पडेल.

आणखी एक चूक नियमाने होते. जुन्या आवृत्तीत कार्डावर जपून ठेवलेली सेटिंगची फाइल अपडेटनंतर तशीच भरली जाते. वेळ वाचतो, पण नव्या मेन्यूत जुने खाचे बसतीलच असे नाही. सेटिंग हाताने लावावीत.

गोठलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी काढण्याआधी कार्ड लिहिण्याचा दिवा विझला आहे का, ते पाहावे. दिवा पेटता असताना बॅटरी ओढली, तर कॅमेरा सुरू होईल, पण आधीच्या फाइल्स जाण्याची भीती असते. काही मिनिटे थांबूनही दिवा विझत नसेल, तर मात्र इलाज नाही. मग ते कार्ड बाजूला ठेवावे, त्यावर पुढचे फोटो घेऊ नयेत. त्यानंतर भिंग आणि कार्ड दोन्ही काढून कंपनीच्या मूळ, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर बॉडी सुरू करावी. चालली, तर आधी कार्ड, मग भिंग असे एकेक जोडत जावे. ज्या टप्प्यावर गोठेल तिथे चोर आहे. भिंग जोडताच गोठत असेल, तर सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, मऊ कापडाने पुसून पुन्हा पाहावे. काहीही न जोडता बॉडी गोठत असेल, तर कारखान्याची सेटिंग पूर्ववत करावीत. काही मॉडेलमध्ये तीच आवृत्ती पुन्हा भरता येते. फाइल अर्धवट उतरलेली असणे, हेही कारण असू शकते.

सॉफ्टवेअर की यंत्र, कसे ओळखावे?

अपडेटनंतर बिघडले म्हणजे अपडेटमुळे बिघडले, असे नाही. निकॉनने मे २०१९ मध्ये झेड ६ आणि झेड ७च्या ग्राहकांना कळवले होते, की काही कॅमेऱ्यांत बॉडीतले स्थिरीकरण नीट चालत नाही. तो दोष यंत्राचा होता. असे कॅमेरे विनामूल्य दुरुस्त करून देण्यात आले. त्या काळात नवे फर्मवेअर भरून वाट पाहत बसलेल्याचा दोष जाणार नव्हता. मोबाइल वापरणाऱ्यांना हा गोंधळ परिचयाचा आहे. अपडेटनंतर पडद्यावर उमटणारी हिरवी रेघ सॉफ्टवेअरची की पडद्याची, यावर किती वाद झाले!

कॅमेऱ्यात यासाठी एक साधी चाचणी आहे. कॅमेरा टेबलावर ठेवून स्थिरीकरण चालू करावे आणि पडद्यावरचे चित्र पूर्ण मोठे करून, हात न लावता पाहावे. चित्र आपोआप सरकत किंवा उड्या मारत असेल, घरघर ऐकू येत असेल, आणि दुसरे भिंग लावूनही तसेच होत असेल, तर जायरो किंवा चुंबकाची यंत्रणा संशयित आहे. टेबलावर शांत आणि हातात मात्र अस्पष्ट, तर सेटिंग किंवा भिंगाचा संवाद तपासावा. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवून ५० मिमीवर १/१० सेकंदाने दहा फोटो स्थिरीकरण चालू ठेवून, दहा बंद ठेवून घ्यावेत. दोन्ही गट सारखेच अस्पष्ट असतील, तर यंत्रणा कामच करत नाही. चालू असतानाचे अधिक वाईट असतील, तर ती चुकीचे काम करते आहे. बंद कॅमेरा हलवल्यावर येणारी खडखड मात्र अनेक मॉडेलमध्ये स्वाभाविक असते, कारण सेन्सर तेव्हा मोकळा असतो.

यंत्रणा नाजूक आहे, हे अ‍ॅपलनेही सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितले होते. मोटारसायकलच्या हँडलला लावलेल्या आयफोनचे स्थिरीकरण इंजिनाच्या कंपनांनी खराब होऊ शकते, असा तो इशारा होता. सेन्सर सरकवणारा कॅमेरा बाइकच्या डिकीत, फोमशिवाय टाकून त्र्यंबक रस्त्याने नेणाऱ्यांनी त्यातून काय ते समजावे.

मागे जाता येते का?

बहुधा नाही. अनेक कंपन्या जुनी आवृत्ती भरू देत नाहीत. सुरक्षेचे कारण दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण परिणामी दोषपूर्ण अपडेटचा ग्राहक पुढच्या अपडेटची वाट पाहण्यापुरताच उरतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या अनधिकृत युक्त्यांनी मागे जाण्याच्या प्रयत्नात बॉडी कायमची बंद पडू शकते आणि वॉरंटीही जाते. घाईघाईने सोडलेल्या एका अपडेटची किंमत जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिली आहे. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतीय विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथे निदान दोषी कोण, हे काही तासांत कळले. कॅमेऱ्याच्या ग्राहकाला ते स्वतः सिद्ध करावे लागते.

म्हणून नोंदी ठेवाव्यात. अपडेटची तारीख, आधीचा आणि नंतरचा आवृत्ती क्रमांक, भिंगाची आवृत्ती, टेबल-चाचणीचा मोबाइलवर घेतलेला व्हिडीओ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूला संरक्षण देत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक’ धरली जात नाही, असे त्यातले स्पष्टीकरण सांगते. एकट्याच्या बळावर लग्नांचे काम घेणाऱ्याला हे कलम तारू शकते, माणसे ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्याला सहज नाही. आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा आयोग. तिथे ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार चालते आणि ती दोन वर्षांत करावी लागते. पक्के बिल नसलेल्या, परदेशातून परस्पर आणलेल्या कॅमेऱ्याला मात्र भारतातील वॉरंटी मिळणेच अवघड.

मग अपडेट करायचे तरी कधी?

नवी आवृत्ती आल्यावर दोन-तीन आठवडे थांबावे. कंपनीने ती मागे घेतली तर तेवढ्यात कळते. बदलांची यादी वाचावी, कारण आपल्याला न लागणाऱ्या सोयीसाठी चालता कॅमेरा उघडण्यात अर्थ नाही. अपडेटलाही मुहूर्त असतो आणि तो नेमका लग्नांना मुहूर्त नसतो तेव्हाचा : चातुर्मास किंवा अधिक महिना. दोन बॉडी असतील, तर एकच अपडेट करावी आणि नेहमीची भिंगे, कार्डे, फ्लॅश लावून घरच्या एखाद्या कार्यक्रमात ती पूर्ण दिवस चालवून पाहावी. दुसरी बॉडी तोपर्यंत जुन्याच आवृत्तीवर राहू द्यावी. ३१ ऑक्टोबरच्या ध्वजारोहणासाठी हे वेळापत्रक मागे मोजत आणले, तर अपडेटची शेवटची तारीख सप्टेंबरअखेर येते.