जटपुरा गेटवरची लढाई

जटपुरा गेटमधून तुमच्यापैकी कित्येक जण रोज जातात. कॉलेजची घाई, ट्रॅफिक जाम, मागून हॉर्न. अशा वेळी वर कोण बघणार? पण एकदा बघाच. दगडात हत्तीवर मात करणारा सिंह कोरलाय. हा गजशार्दूल, चांद्याच्या गोंड राजांचं चिन्ह. 1751 मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, सिंह मात्र वेशीवरच राहिला.

आता जरा लांब, ग्रीसला जाऊ. अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर इ.स.पू. 447 ते 432 या काळात उभं राहिलं. खांबांच्या वर, छताखाली चारही बाजूंनी 92 चौकोनी शिल्पपट होते. दक्षिणेकडच्या पटांवर माणसं लढतात ती सेंटॉरशी, म्हणजे अर्धा माणूस, अर्धा घोडा अशा प्राण्याशी. थोड्याच वर्षांपूर्वी अथेन्सने इराणी फौजेला तोंड दिलं होतं. अनेक अभ्यासक या लढाईत त्याच विजयाची सावली बघतात. शत्रूचं नाव न घेता त्याला अर्धा जनावर करून टाकलं!

आपल्या वेशीवर तर माणूसच नाही. मग सिंह कोण, हत्ती कोण? ही बढाई की इशारा? विजेत्याने कोरलेलं चित्र असे प्रश्न विचारतच वाचायचं असतं. इतिहास शिकणं म्हणजे दुसरं काय?

पार्थेनॉनचे बरेच पट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिनने काढून नेले. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ग्रीस ते अजून परत मागतोय. आपलं शिल्प कुणी नेलं नाही. त्याला धोका आहे तो धुराचा, पोस्टरचा आणि आपल्या बेफिकिरीचा. 2017 मध्ये इको-प्रोच्या तरुणांनी हातात फावडी-घमेली घेऊन किल्ल्याची सफाई सुरू केली, तेव्हा कुठे झुडपांत हरवलेला परकोट लोकांना दिसायला लागला.

तुम्हाला भिंतीवर चढायची गरज नाही. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर या चारही दरवाजांवरच्या शिल्पांचे फोटो काढा, तारीख टाका. घरातल्या, मोहल्ल्यातल्या जुन्या माणसांना त्यांच्याबद्दल विचारा आणि ते सांगतील तसं लिहून ठेवा. गडचिरोलीकरांनी मार्कंड्याच्या मंदिरापासून सुरुवात करावी. रील नंतर बनवा. आधी नोंद करा. दहा वर्षांनी एखादं शिल्प झिजलं, तर ते कसं होतं हे सांगायला तुमचाच फोटो उपयोगी पडेल.