राजाला न उमगलेला शब्द



बी-बियाण्याचे आणि खताचे शेवटी बोलू. आज आधी गोष्टींची गोष्ट.

रात्रीची जेवणे आटोपली, की घरातले पोर मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसते. विचारले तर म्हणते, "कादंबरी वाचतोय. रोज एक भाग येतो." त्यात राक्षस असतात, जादूगार असतात, बोलणारी जनावरे असतात. एखादा लेखक तर आपल्या काल्पनिक राज्यासाठी निराळी भाषाच रचतो. ते वाचून पोर विचारू लागते, "आबा, देगलूरकडचे लोक आपल्यापेक्षा वेगळे का बोलतात?" आपण खेकसतो, "अभ्यास सोडून हे कसले खूळ?"

पण हे खूळ आपल्याच गोदाकाठचे आहे. पैठणच्या सातवाहन राजाची दंतकथा ऐका. राजाराणी पाण्यात खेळत होती. पाणी अंगावर घेऊन राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, "मोदकैः". राजाने लगेच मोदकांची ताटे मागवली. राणी हसली. तिला म्हणायचे होते, 'मा उदकैः', म्हणजे 'पाण्याने मारू नका'. दोन शब्द जोडून आले आणि राजाला ते फोडता आले नाहीत.

राजा खजील झाला. व्याकरण शिकायचेच, असे त्याने मनात घेतले. दरबारातला गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली, तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. तो हरला. मग रानात जाऊन पैशाची भाषेत त्याने सात लाख श्लोकांच्या अद्भुत कथा लिहिल्या. राजाने त्या हलक्या भाषेतल्या म्हणून नाकारल्या. तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि जाळी. राजाला पश्चात्ताप होईपर्यंत एकच लाख उरले होते.

तो मूळ ग्रंथ आज नाही. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्याच परंपरेतल्या कथा संस्कृतात 'कथासरित्सागर' नावाने सांगितल्या. विक्रम-वेताळही त्यातच आहे. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा'तून तो आपल्या पिढीपर्यंत आला. मोबाइलवरची कादंबरी ही त्याच वेताळाची नात समजा.

भाषेला हलकी म्हणून हिणवले, की काय जळते ते या गोष्टीत आहे. आपल्या मुखेडच्या बाजारात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, लमाणी अशा बोल्या कानावर पडतात. अक्का आणि अण्णा हे शब्द कानडी-तेलुगूतही आहेत. बटाटा, पेरू, हापूस ही नावे पोर्तुगिजांबरोबर आली. आपले खरीप आणि रब्बी तर अरबी. तिकडे खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. पेरणीवरून नव्हे, पीक हाती येण्याच्या ऋतूवरून ही नावे पडली. तेव्हा तांड्यावरचे किंवा सीमेवरचे पोर शाळेत घरची बोली बोलले, तर त्याला हसू नये.

आता शेतीचे. शब्द न फोडल्याने राजाची फजिती झाली, आपले मात्र पीक जाते. माहितीपत्रकात खताची मात्रा बहुधा हेक्टरी असते, आपला हिशेब एकरी. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. समजा, हेक्टरी ५० किलो नत्र लिहिले आहे. ते एकरी २० किलो झाले. पण २० किलो नत्र म्हणजे २० किलो युरिया नव्हे. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून युरिया साधारण साडेत्रेचाळीस किलो लागतो. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीला थोडा कमीच. जो 'हेक्टरी' वाचून 'एकरी' टाकतो, तो अडीचपट पैसा मातीत घालतो. औषधाच्या बाबतीत तर अशी चूक जिवावरही बेतू शकते.

म्हणून शब्दांची खोड लागलेले पोर घरात असेल, तर त्याला रागावू नका. अभ्यासाची आणि निजण्याची वेळ तेवढी ठरवून द्या. आजीकडचे जुने शब्द त्याला वहीत लिहायला सांगा. आणि फवारणीपूर्वी औषधाच्या बाटलीवरचा कागद त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. एखादा शब्द अडला, तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. विचारायला लाजू नये. राजानेसुद्धा चारचौघांत फजिती झाल्यावरच व्याकरण शिकायला घेतले.