डोळ्यांची एकादशी

कांदेनवमीची भजी, थालीपिठं झाली. आता आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत अनेक घरांत कांदा, लसूण, वांगं बंद. नवी मुंबईतल्या आमच्या कामोठ्याच्या सहा-सात मजली इमारतींतही हा नेम नेटानं पाळला जातो. जिभेला आवर घालणं आपल्याला परंपरेनं शिकवलं. ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणून वर चिमटाही काढला. डोळ्यांचं मात्र कुणी बोलत नाही. एकादशीला पहाटेपासून फोनवर विठ्ठलाची चित्रं येऊ लागतात, ती पुढे पाठवण्यात अर्धी सकाळ जाते आणि हरिपाठ राहूनच जातो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं यावर 2022च्या स्वातंत्र्यदिनापासून एक तोड काढली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. करोनाकाळात मुलांच्या हाती फोन आला आणि तो सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय काढला. गावातल्या बायकांनी तो उचलून धरला. हेतू अभ्यासाचा, देवाधर्माचा नव्हे. तरी आम्हाला यात व्रताचं सगळं दिसतं: ठरलेली वेळ, सर्वांना एकच नियम, आणि मोडणाऱ्याला शेजाऱ्याची लाज. एकट्यानं फोन बाजूला ठेवला की दहा मिनिटांत हात शिवशिवतो. सगळी आळी थांबली, तर फोन उघडून बघायचं तरी कुणाचं?

इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेच्या शिबिराला गेलेल्यांचा फोन पहिल्याच दिवशी जमा होतो, मौन सुरू होतं. उत्तमच, पण दहा दिवसांची रजा किती जणांना मिळणार? तास-दीड तास कुणालाही परवडेल. त्यात पहिल्यांदा नुसता कंटाळा येईल. येऊ द्यावा. मन स्वतःशी बोलू लागतं ते त्यानंतरच.

कामोठ्यात सातची वेळ जमणार नाही. तेव्हा निम्मी माणसं मानसरोवर-खांदेश्वरला गाडीतून उतरत असतात. नऊ ते दहा ठेवावी. रुग्णालयात ड्युटी असलेल्यांना, घरी आजारी माणूस असलेल्यांना मोकळीक हवीच. घंटा सोसायटीतल्या ज्येष्ठांनी वाजवावी आणि टीव्हीही आधी त्यांनीच बंद करावा. नातवंडांना सांगण्याचा अधिकार मग येतो. उरले रात्री साडेनऊला ऑफिसच्या ग्रुपवर काम टाकणारे साहेब. त्यांतले काही इथेच राहत असतील. पहिली घंटा त्यांच्याच इमारतीत वाजवावी.